मंगलवहिनीची तिसरी हाळी

मालिकावाल्यांनी माझ्या वहिनीला फसवलं. सौदा मी ठरवून दिला होता, म्हणजे त्या फसवणुकीत माझाही हात आहे. हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई स्वतःची बाजू सावरून बोलते आहे. मालिकेचं नाव मात्र मी लिहिणार नाही. त्यांची फुकटची जाहिरात मी का करू?

वहिनी गेली तो शनिवार होता. भोरमध्ये माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. तांब्याचे हंडे, कंदील, जाती, बैलगाडीची चाकं असं जे जे शूटिंगवाल्यांना लागतं ते मी पुरवते. डोक्यावर पाटी घेऊन भांडी विकण्यापासून सुरुवात केली, आज दोन गाळे आहेत आणि माझ्याशी घासाघीस करायला लोक घाबरतात. त्या संध्याकाळीही एक गिऱ्हाईक समईवरून माझं डोकं खात होतं. तेवढ्यात वाडीवरून शेजाऱ्याचा फोन आला. "आक्का, मंगलवैनी पडली. हाळीच्या दगडावरनं. वेल्ह्याला नेलीया, तुमी या." मी विचारलं, "बोलतीया का?" तो म्हणाला, "आता न्हाई बोलत..." तिकडे पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. पण गाडीत बसल्यापासून माझ्या कानात तो एकच शब्द फिरत होता. आता न्हाई. म्हणजे आधी बोलत होती. मग आधी ती कुणाशी बोलत होती, आणि ते कुणी ऐकलं?

आमची वाडी विंझरच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून वर चढलं की लागते. तीन उतारांवर विखुरलेली घरं आणि मधून ओढा. या घरातून त्या घरात जायचं तर खाली उतरा, ओढा ओलांडा, पुन्हा चढा. म्हणून आमच्याकडे हाळी घालतात. हाळी म्हणजे डोंगराच्या या अंगावरून त्या अंगाला दिलेली लांब हाक. मोबाईल आले तरी रेंज एका आंब्याखालीच मिळते, त्यामुळे हाळी काही सुटली नाही. आणि तिचा एक कायदा आहे. हाळी कुणाच्याही नावाची असो, जो ऐकेल त्यानं ओ द्यायची आणि ती पुढं सरकवायची. माझा भाऊ काविळीनं गेला तेव्हा ही बातमी पाच माणसांच्या तोंडून, एका उतारावरून दुसऱ्यावर अशी उड्या मारत, मार्गासनीला वहिनीच्या माहेरी जाणाऱ्या एस.टी.पर्यंत पोचली होती. दुसरा कायदा आम्हाला बोलायला लागल्यापासून शिकवतात. माणूस तीनदा हाळी देतो. जे माणूस नसतं ते एकदाच हाक मारतं. म्हणून पहिल्या हाकेला दम धरायचा, तिसरी ऐकली की ओ द्यायची. तिसऱ्या हाळीलाही ओ न देणारा माणूस आमच्या वाडीत मी पाहिलेला नव्हता.

मंगलवहिनीचा आवाज हे वाडीचं घड्याळ होतं. शाळेत ती खिचडी शिजवायची. सकाळी चूल पेटवण्याआधी ओढ्यावरच्या मोठ्या काळ्या दगडावर उभी राहायची आणि तिन्ही उतारांवरच्या पोरांना हाळी द्यायची. मग इकडून तिकडून बारीक बारीक "ओ... ओ..." सुरू व्हायचं आणि दप्तरं उतरायला लागायची. माझा भाऊ म्हणायचा, "मी हिचं तोंड बघितलंच न्हवतं. आवाज ऐकून हो म्हनलं." वहिनी पदरात हसायची आणि म्हणायची, "तोंड बघितलं असतं तर परत गेला असता." भाऊ गेला तेव्हा त्यांचा बाळू चार वर्षांचा होता. शाळेत त्याचं नाव प्रथमेश आहे, पण त्या नावानं त्याला कुणी हाक मारली नाही. वहिनी त्याला बोलवायची तेव्हा "बाळू"मधला "ळू" इतका लांब जायचा की समोरच्या कड्यावरून परत येऊन पुन्हा तिच्याच पायाशी पडायचा.

दोन वर्षांपूर्वी मी त्या मालिकावाल्यांना वाडी दाखवायला घेऊन गेले. त्यांना डोंगरातलं गाव हवं होतं. सकाळची वेळ, दिग्दर्शक चहा घेत उभा होता, आणि वहिनीनं दगडावरून हाळी दिली. त्याच्या कपातला चहा बशीत सांडला. "हा आवाज कुणाचा आहे?" माझ्यातली दुकानदारीण लगेच जागी झाली. मी म्हणाले, "आवाज मिळेल, पण बाईसकट घ्यावा लागेल. आम्ही आवाज सुटा देत नाही." सगळे हसले. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं...

गोष्ट अशी होती. एक शाळकरी मुलगा, त्याच्या दप्तरात एक दार, त्या दारातून तो दुसऱ्याच राज्यात जातो. त्याची आई चेटकीण. भूमिका लहान, पण प्रत्येक भागात ती एकदा तरी डोंगरावरून मुलाला हाक मारते. त्या हाकेला दुसऱ्या कुठल्या मुलानं चुकून ओ दिली, तर ती त्याचा आवाज काढून घेते. वहिनीनं हे ऐकलं आणि सरळ उठून चुलीपाशी गेली. "मी न्हाई व्हनार चेटकीण. माज्या हातचं पोरं खात्यात, वन्सं." मी समजूत काढत होते. पण तिला वळवलं ते त्यांच्या एका चष्मेवाल्या पोरसवदा माणसानं. गोष्ट लिहिणं आणि माणसं ठरवणं अशी दोन्ही कामं त्याच्याकडे होती. त्यानं जमिनीवर मांडी घालून तिला शेवट सांगितला. ती आई वाईट नसतेच. एक राक्षस मुलांचे आवाज खायला टपलेला असतो, म्हणून ती ते आधीच काढून मडक्यात जपून ठेवते. शेवटी एकेका मुलाला त्याचा आवाज परत देते. वहिनी ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "मंग शेवटाला पोरं तिला ओ देत्यात?"

"देतात ना, मावशी. सगळी एकदम."

"मंग करते."

तिची अट एवढीच होती. मी मात्र कागदावर सगळं लिहून घेतलं. न्यायला-आणायला गाडी, वेळेवर जेवण, उन्हात किती वेळ उभं करायचं, पातळ कुणाचं, शाळेचा एकही दिवस बुडवायचा नाही. चष्मेवाल्याला घाम फुटेपर्यंत भांडले. आणि शेवटचा प्रसंग दाखवायचाच, ही एक गोष्ट तेवढी तोंडीच ठेवली. मला वाटलं, यात त्यांचं काय जातंय? ज्यात समोरच्याचं काही जात नाही ते कुणी कशाला बुडवेल? उभ्या आयुष्यात मी हजार सौदे केले, त्यात इतका कच्चा दुसरा नाही.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी त्यांनी मुलाला वेगळं नाव दिलं होतं. वहिनी त्या नावानं हाक मारायची तर आवाज घशातच राहायचा. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, तुमच्या मुलाला हाक मारता तशी मारा. वहिनीनं "बाळूऽऽ" म्हटलं आणि सगळं शूटिंग गप्प झालं. मालिकेतल्या मुलाचं नाव त्याच दिवशी बाळू झालं. पुण्याहून आणलेला तो शहरी छोटा नट हाकेनं इतका घाबरला की रडायलाच लागला. वहिनीनं अंगावरच्या चेटकिणीच्या काळ्या घोंगडीसकट त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "भ्यायचं न्हाई रं. भूत एकदाच हाक मारतं. मी तीनदा मारते का न्हाई? मोजायचं. तीन झाल्या की समजायचं आपलंच मानूस हाय." पोरगा बोटं मोजत गप्प झाला. बाजूला बसून चष्मेवाला हे वहीत लिहून घेत होता. मला बरं वाटलं होतं, आमच्या डोंगरातलं कुणीतरी लिहून घेतंय म्हणून... पुढं मालिका आली तेव्हा कळलं की त्यांची चेटकीणही तीनदाच हाक मारते.

शेवटचा प्रसंग त्यांनी काळ्या दगडावर घेतला. वाडीतली सगळी पोरं तिन्ही उतारांवर उभी केली होती. वहिनी मडकं उघडायची, हाळी द्यायची, आणि एकेक पोर ओ द्यायचं. शेवटी सगळी मिळून. वहिनी खरीच रडली. पुन्हा करायची गरज पडली नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे तो प्रसंग आहे. कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी यंत्रात आहे.

मालिका सुरू झाली तेव्हा वहिनी आणि बाळू माझ्याकडे भोरला आले होते. मी पेढे आणले होते. पडद्यावर धूर, काळा कडा, आणि मग वहिनीचा चेहरा आला. डोळ्यांच्या बाहुल्या त्यांनी कशानेतरी पांढऱ्या केल्या होत्या. तिनं तीनदा हाळी दिली. एका गुराखी पोरानं ओ दिली, आणि त्याच्या तोंडातून आवाजाची वाफ निघून हिच्या मुठीत आली. मी सामान पुरवणारी बाई, पांढरे डोळे कसे करतात मला ठाऊक आहे, तरी हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला. बाळू तिला टेकून बसला होता. तो हळूच, कुणाला कळू नये असा, चार बोटं बाजूला सरकला. मला दिसलं. वहिनीलाही दिसलं. तिनं हात लांब करून पडद्यावरचा आपला चेहरा झाकला. "शेवटाला समदं नीट व्हतंय," ती म्हणाली. "थांब, शेवटाला बघ."

शेवट आलाच नाही. मालिका लोकांना आवडली, आणि त्यातही चेटकीण जास्त. त्यांनी गोष्ट आणखी लांबवली, शेवट पुढं ढकलला, आणि मग मालिकेचं दुसरं पर्व करायचं म्हणून तो प्रसंग काढूनच टाकला. वर वहिनीची हाळी वेगळी काढून मोबाईलवर सोडून दिली. कुणी ती फोनच्या घंटीला लावली, कुणी घाबरवायच्या व्हिडिओला. वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या प्रत्येक टपरीत कुणाच्या ना कुणाच्या खिशातून माझी वहिनी "बाळूऽऽ" म्हणून ओरडायला लागली.

वाडीला पहिल्यांदा गंमत वाटली. मग पहिलीतल्या एका पोराचा घसा बसला. थंडीचे दिवस, चिंचा खाल्ल्या असतील. चार दिवस त्याच्या तोंडून आवाज फुटेना. त्याची आई, यमुना, दुपारी लिंबू-मिरची घेऊन वहिनीच्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली. "मंगलवैनी, माजं चुकलं आसंल तर पदर पसरते. पोराचा आवाज द्या." वहिनीला आधी वाटलं चेष्टा आहे. मग तिनं पाहिलं, यमुना खरंच पदर पसरून बसली होती. मीठ-कोमट पाण्याच्या गुळण्या कर म्हणून तिनं सांगून पाहिलं. यमुना हलेना. नुसती म्हणत राहिली, "द्या वो... द्या..." शेवटी वहिनीनं त्या पोराच्या गळ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं बाई, दिला. जा आता."

दुसऱ्या दिवशी पोराला आवाज फुटला.

हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी तिच्यावर किती चिडले होते. "दिला कशाला म्हनलीस? न्हाई माज्याकडं, असं म्हनायचं." ती म्हणाली, "म्हनलं की, वन्सं. तिला खोटं वाटत व्हतं. तिचं भ्या मला बघवंना." गळ्यावरून एक हात फिरवला, आणि वाडीच्या लेखी सगळं सिद्ध झालं. ज्यानं आवाज दिला त्यानंच तो नेला असणार, याहून सोपा हिशेब कुठला? त्यानंतर खिचडीच्या पंगतीत पोरं ताटं उलटी ठेवायला लागली. सकाळी हाळी दिली की उतारावरून ओ येईना, खिडक्यांचे आवाज यायचे. पोरं कानात बोटं घालून, एकमेकांचे हात धरून शाळेला उतरायची. एक दिवस तिनं दगडावर उभं राहून नुसता श्वास घेतला, तेवढ्यावर खालची एक पोरगी किंचाळली. वहिनी तशीच खाली उतरली. त्या दिवसापासून तिनं हाळी बंद केली. शाळेतलं काम आपणच सोडलं आणि गवत कापून विकायला लागली. बाळूला बोलवायचं असलं तर चालत जायची. आणि बाळू... तो तेव्हा नववीत, विंझरच्या शाळेत. पोरं त्याला बघितली की मोबाईल वाजवायची. तो तिच्याबरोबर रस्त्यानं चालेनासा झाला. दहा पावलं मागं राहायचा.

मी पुण्याला त्यांच्या कचेरीत गेले. चष्मेवाला आता मोठ्या खुर्चीत होता. मला पाणी दिलं, बसवलं. मी म्हणाले, "तो प्रसंग दाखवा. नुसता मोबाईलवर टाका, मला बाकी काही नको." तो म्हणाला, "ताई, लोकांना चेटकीणच हवी आहे. ती चांगली निघाली तर बघायला काय राहतं?" मी म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता." त्यानं माझाच कागद माझ्यापुढं ठेवला, माझ्याच अक्षरातला. "यात कुठे आहे, दाखवा." मी टेबलावरचं पाणी त्या कागदावर ओतलं. तोंडाला येईल ते बोलले, सगळी कचेरी गोळा झाली. वॉचमननं मला हाताला धरून बाहेर काढलं. त्या भांडणानं काय साधलं? बाहेर फुटपाथवर उभी होते तेव्हा एका रिक्षावाल्याचा फोन वाजला... बाळूऽऽ... मी दचकून ओ दिली. रिक्षावाला माझ्याकडं बघून हसला.

आमची शेवटची भेट वहिनीच्या घरी झाली, ती जायच्या पंधरा दिवस आधी. भात पिवळं पडलं होतं. तिनं आरसा उलटा करून भिंतीला लावला होता. मी विचारलं तर म्हणाली, "वन्सं, मला माजीच भीती वाटाय लागलीया. त्या यमुनेच्या पोराच्या गळ्यावर हात ठेवल्याली जागा अजून हाताला गरम लागती. खरंच काय असंल का माज्यात?" मी हसून घालवायला बघितलं. "तुज्यात चेटूक असतं तर तुजं भात दुप्पट झालं असतं." ती हसली नाही. तिच्या आवाजात कुजबूज तेवढी उरली होती. इतका मोठा आवाज तिनं आत दाबून ठेवला होता की बोलताना गळ्याच्या शिरा फुगायच्या. निघताना मी म्हणाले, "वैनी, एकदा दगडावर जाऊन मोकळी हाळी दे. छाती हलकी व्हईल." ती म्हणाली, "आन कुणी ओ न्हाई दिली तर?" मी चपला घातल्या आणि उतार उतरायला लागले.  

त्या शनिवारी ती काळ्या दगडाच्या वर गवत कापत होती. भारा डोक्यावर घेतला, पाय घसरला, दगडावरून खाली ओढ्याच्या कातळात पडली. मांडी मोडली आणि पोटात मार लागला. डॉक्टर म्हणाले, ती पुष्कळ वेळ शुद्धीवर असणार. वेळ भर दुपारची होती. तिन्ही उतारांवर भातकापणी चालू होती. उतारभर माणसं होती.

तेरावा झाल्यावर मी वाडीत राहिले आणि घरोघर गेले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, तुम्ही ऐकलंत का? नामातात्या आमच्यातले सगळ्यात जुने. ते खोटं बोलले नाहीत. "ऐकली की, पोरी. तीन हाळ्या. बाळूच्या नावाच्या. मग जरा थांबली, परत तीन. म्हनलं, कुनाचा तरी मोबाईल वाजतोय. मोबाईलबी तसाच वाजतोय न्हवं? तीन, आन थांबून परत तीन." मग कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "मंगल तर हाळी द्यायची थांबली व्हती. मग खरी कुटनं आसंल, आसं वाटलं." यमुनेनं दार अर्धंच उघडलं. तिनंही ऐकलं होतं. तिला ती हाळी खरी वाटली होती, आणि म्हणूनच तिनं पोराचं तोंड हातानं दाबून धरलं होतं. "म्या ओ दिली असती, आन माज्या पोराचा आवाज गेला असता तर? तुमी दिला असता व्हय परत?" मला तिच्या थोबाडीत मारायची होती. तिच्या पायांमागून ते पोर माझ्याकडं बघत होतं, आपला गळा दोन्ही हातांनी झाकून. मी उलटी फिरले.

बाळूला मी विचारणार नव्हते. त्यानंच सांगितलं. शनिवारची अर्धी शाळा सुटून तो चार पोरांबरोबर ओढ्याच्या खालच्या वाटेनं येत होता. हाळी आली. पोरं हसली. "आत्या, मी थांबलो. मी सगळ्यांचे खिसे तपासले," तो म्हणाला. "एक जण म्हणत होता, माझा मोबाईल बंद हाय, आईची शप्पथ. मला वाटलं खोटं बोलतोय. मी त्याला खाली पाडून मारलं. मी मारत होतो आन वरनं अजून येतच होती हाळी. मग मी लांबच्या वाटेनं गेलो. ऐकू येऊ नये म्हणून." घरी आई नव्हती. उन्हं कलल्यावर तो शोधायला निघाला. ती सापडली तेव्हा डोळे उघडे होते आणि ओठ हलत होते, पण आवाज संपला होता. बाळूनं तिच्या तोंडाशी कान नेला आणि ओ दिली. किती वेळा दिली ते त्याला आठवत नाही.

या गोष्टीला आता महिना होऊन गेला. बाळूला मी भोरला आणलं आहे. इथल्या शाळेत त्याचं नाव प्रथमेशच ठेवलं, बाळू कुणाला सांगितलं नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही. परवा आम्ही नसरापूरच्या बाजारात होतो. गर्दीत कुणाचा तरी फोन वाजला, आणि वहिनीची पहिली हाळी आली. बाळू हातातली पिशवी खाली ठेवून उभा राहिला. दुसरी आली. त्याचे ओठ मोजत होते. तिसरीला त्यानं मान वर करून, छाती भरून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओ दिली. लोक वळून बघायला लागले. ज्याचा फोन होता तो गडबडला. बाळूला त्यांच्याकडं लक्ष नव्हतं. तो थोडा वेळ थांबला, ओढ्यापलीकडून कुणी काही सांगेल म्हणून माणूस थांबतो तसा, आणि पिशवी उचलून चालायला लागला. तो हे प्रत्येक वेळी करतो. एस.टी.त, वर्गात, जेवताना शेजारच्या घरातून आवाज आला तरी हातातला घास ताटात ठेवून. मी म्हणाले, "बाळा, तो मोबाईल हाय." तो म्हणाला, "त्या दिवशीबी मी हेच म्हनलो व्हतो, आत्या."

इथल्या पोरांना आता हे कळलं आहे. ती मुद्दाम वाजवतात. आणि मला खरी भीती वाटते ती याची, की तो आवाज कधीच थकणार नाही. वहिनीचा घसा बसला असता, वय झालं असतं. त्यांनी काढून ठेवलेली हाळी पन्नास वर्षांनीही तशीच ताजी वाजेल, आणि हे पोर म्हातारं होईपर्यंत उभं राहून तिला ओ देत राहील.

म्हणून मी हे वर्तमानपत्रासाठी लिहिलं. चष्मेवाल्या, तू हे वाचशील, तुझ्या कचेरीत सगळी वर्तमानपत्रं येतात. सुटा आवाज विकायचा नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि तू हसला होतास. ती हाळी मोबाईलवरून काढ. तो प्रसंग कपाटातून बाहेर काढून सगळ्यांना दाखव, ज्यात माझी वहिनी मडकं उघडून पोरांना आवाज परत देते आणि तीन उतारांवरची पोरं तिला ओ देतात. यमुनेच्या पोराला तो आधी दाखव, म्हणजे ते गळ्यावरचे हात काढेल. कागदावर लिहिलेलं नाही हे मला माहीत आहे. ती चूक माझी, तिचा जाब मी वहिनीला देईन तेव्हा देईन. आज मी तुला तीन पत्रं पाठवली आहेत, तिन्हींचा मजकूर एकच. आमच्याकडं तीनदा हाक मारतो तो माणूस असतो. पंधरा वर्षांचं एक पोर एकटं तुम्हा सगळ्यांच्या वाटची ओ देतं आहे. त्याला आता बसू दे. तू ऊठ, आणि तू दे.